एका गर्भपातानंतर पुन्हा दिवस राहिले, तर धोका किती?

आधीचा गर्भ पडलेला असेल, तर पुन्हा दिवस राहिल्यावर आनंदाआधी भीतीच येते. लघवीला जाताना प्रत्येक वेळी डाग दिसतो का हे पाहिलं जातं. तुमचंही तसंच होत असेल, तर त्यात वावगं काही नाही.

दिवस राहिल्याचं कळल्यानंतरही १०० पैकी साधारण १० ते २० गर्भ आपोआप पडतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. एकदा गर्भपात झालेल्या स्त्रीला पुढच्या वेळी तो होण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे २० असते. म्हणजे ती फारशी वाढत नाही. दोन किंवा तीन गर्भपातांनंतर मात्र ती वाढत जाते, आणि वय ३५ च्या पुढे गेल्यावरही.

सुरुवातीच्या निम्म्याहून अधिक गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तुम्ही जिना चढलात, स्कूटरवर बसलात म्हणून तो झालेला नसतो. सासूबाईंनाही हे वाचायला द्या.

कितीतरी घरांत दिवस राहिल्याबरोबर पलंगाच्या पायथ्याला विटा लावून सुनेला झोपवून ठेवतात. याने गर्भ टिकतो असा पुरावा नाही. उलट फार काळ पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. प्रोजेस्टेरॉनचंही तसंच: आधी गर्भपात झालेला आहे आणि या वेळी सुरुवातीला रक्तस्राव होतो आहे, अशांना त्याचा उपयोग होऊ शकतो. एकच गर्भपात झाला आहे आणि रक्तस्राव नाही, तर ते कशासाठी, हे डॉक्टरांना जरूर विचारा. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चुकवू नका.

पहिल्या भेटीत जुने कागद न्या. क्युरेटिंग किती वेळा झालं, गर्भ किती आठवड्यांचा होता, हे सांगा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर मागच्या वेळी अँटी-डी इंजेक्शन दिलं होतं का, हेही. थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. दोन किंवा अधिक गर्भपात झाले असतील, तर गर्भाशयाची रचना आणि रक्त गोठण्याशी संबंधित अँटीफॉस्फोलिपिड चाचण्याही लागतात. हा दोष सापडला, तर ॲस्पिरिन आणि हेपॅरिन देऊन गर्भ टिकण्याची शक्यता वाढवता येते. पण ही औषधं स्वतःहून घेऊ नयेत.

रक्तस्राव किंवा दुखणं नसेल, तर पहिली सोनोग्राफी साधारण सातव्या आठवड्यात करावी. पाचव्या आठवड्यात ठोके दिसत नाहीत आणि उगाच रडारड होते. ठोके नीट दिसले की धोका बराच कमी होतो.

हलका डाग लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. असे डाग लागूनही अनेक गर्भ टिकतात. पण तासाभरात पॅड भिजत असेल, ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखत असेल, खांद्याच्या टोकाला कळ येत असेल, चक्कर किंवा ताप असेल, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालयात जा. गर्भ नळीत वाढत असला, तर नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि तिथे वेळ फार महत्त्वाचा असतो.