परंड्याचा भुईकोट

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा उभा राहतो. शिवकालाच्या वाचनाने मनाला लागलेली ही सवय योग्यच आहे. परंतु डोंगरी किल्ल्याच्या रक्षणाचे निम्मे काम निसर्गच करून ठेवतो. सपाट मुलखातील भुईकोटास असा आधार नसतो. त्याचे सारे बळ मनुष्याच्या हातचे. म्हणून मनुष्याची खरी पारख भुईकोटातच होते, असे आम्हांस वाटते.

सोनारीच्या भैरवनाथास कुलदैवत मानणारी अनेक घराणी महाराष्ट्रात आहेत. सोनारी ज्या तालुक्यात मोडते, त्याचे मुख्य गाव परंडा. देवदर्शन आटोपल्यावर आम्ही तेथील कोट मुद्दाम पाहिला. रुंद खंदक, दुहेरी तट, सव्वीस बुरुज आणि त्यांवर अजून उन्हापावसात पडून असलेल्या तोफा पाहता, हे बांधकाम कोणा दूरदर्शी पुरुषाचे असावे असे सहज मनात येते. बहमनी वजीर महमूद गावान याला ते श्रेय दिले जाते. त्या वजिराचा अंत १४८१ साली झाला, तो शत्रूच्या हातून नव्हे. बनावट पत्रावर विश्वास ठेवून त्याच्या धन्यानेच त्याचा शिरच्छेद करविला.

१६०० साली अकबराच्या सैन्याने अहमदनगर घेतले, तेव्हा मलिक अंबराने मूर्तजा निजामशहास परंड्यास गादीवर बसविले. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुरुष बुडत्या राज्याचा आधार झाला, आणि हा कोट काही काळ त्या राज्याची राजधानी ठरला.

विजापुरास गेलेल्या वाचकांनी तेथील 'मलिक-ए-मैदान' तोफ पाहिलीच असेल. ही प्रचंड तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली व पुढे परंड्यास होती. १६३२च्या सुमारास कोट आदिलशाहीकडे आला, तेव्हा मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. आता हा कोट दुबळा झाला, असे कोणासही वाटले असते. परंतु दोनच वर्षांनी, १६३४ साली, शहाजहानचा पुत्र शुजा व सेनापती महाबतखान यांनी घातलेला वेढा फसला. आतील शिबंदी दटून राहिली. बाहेर वैरण-सरपण कोसचे कोस लांबून आणावे लागे, आणि मोगल सरदारांत एकमत नव्हते. पावसाळा तोंडावर येताच वेढा उठला, आणि त्याच वर्षी महाबतखान वारला.

१६५७च्या तहात विजापूरकरांनी हा किल्ला मोगलांस देण्याचे मान्य केले. तरी तो लगेच त्यांच्या हाती आला नाही. अखेर १६६० साली किल्लेदार गालिब याने तो न लढता मोगलांच्या स्वाधीन केला.

तट तोच, खंदक तोच आणि बुरुजही तेच होते. शहाजाद्याच्या फौजेला जे साधले नाही, ते एका किल्लेदाराच्या मनाने घेतल्याबरोबर घडले. राज्ये दगडाच्या भरवशावर टिकत नाहीत, हा धडा पुस्तकातून वाचण्यापेक्षा परंड्याच्या बुरुजावर उभे राहून अधिक पटतो. सोनारीच्या यात्रेकरूंनी परतताना घटकाभर तरी वाट वाकडी करून मुलांना हा कोट दाखवावा. भैरवनाथास लोक क्षेत्रपाल म्हणतात. राखणे म्हणजे काय, हे त्यांना तेथे कळेल.