शेपटीचा दिवा

मोटारीचा मागचा दिवा ही मालकाला स्वतःला कधीच न दिसणारी मिळकत. आमच्या बँकेच्या भाषेत जामीनकीच म्हणा ना. फायदा सगळा दुसऱ्याचा! रेल्वेला त्याचं मोल पूर्वीपासून ठाऊक. भुसावळहून आलेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यावरचा लाल दिवा दिसला, की जळगावचा स्टेशनमास्तर समजे, डबे मागे सुटलेले नाहीत.

१९८९ च्या मोटार नियमांनी पुढे लाल दिवा वर्ज्य केला, आणि मागे (सिग्नल, रिव्हर्स सोडून) लालच हवा म्हटलं. मंत्र्यांच्या टपावरचा लाल दिवा १ मे २०१७ ला गेला. मान उरला तो तुमच्याआमच्या शेपटीला.

तरी आमच्या हौशी मंडळींना रविवारी अंगणात चैन पडत नाही. जुन्या पद्धतीच्या बल्बात दोन तारा असतात, ५ वॅटची रात्रीची, २१ वॅटची ब्रेकची. उलटा बसू नये म्हणून त्याच्या बुडाचे दोन खिळे मुद्दाम खालीवर. हे गृहस्थ एक खिळा कानशीने घासून तो उलटा बसवतात! मग रात्री गाडी नुसती चालतानाच लखलखते. ब्रेक दाबला तर फरक कळत नाही. वर काचेला काळी फिल्म, शोभेसाठी. आणि धुळ्याच्या रस्त्याला पारोळ्याजवळ मागून केळ्यांचा ट्रक येत असतो, घाईत.