खोट्या विमानातील खरी उपकरणे

घरच्या संगणकावर विमान उडवण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पडद्यावरचे ढग, डोंगर आणि धावपट्टी पाहून ‘किती खरे वाटते!’ असे उद्गार सहज निघतात. पण या खेळाचा इतिहास पाहिला तर एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. विमानाची नक्कल खरी ठरते ती खिडकीबाहेरच्या देखाव्यामुळे नव्हे, तर वैमानिकासमोरच्या उपकरणांमुळे आणि उड्डाणापूर्वी केलेल्या आखणीमुळे. असे का, ते या लेखात पाहू.

शरीराची साक्ष

वर्गात एक सोपा प्रयोग करता येतो. फिरत्या खुर्चीवर एखाद्या विद्यार्थ्याला डोळे बांधून बसवा आणि खुर्ची सावकाश, एकसारख्या वेगाने फिरवत राहा. थोड्या वेळाने तो सांगेल, ‘खुर्ची थांबली.’ मग खुर्ची खरोखर थांबवा. तो म्हणेल, ‘आता उलटी फिरते आहे!’ आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव मागे राहिला की आपल्याला फिरल्याची जाणीव होते. वेग एकसारखा राहिला की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि जाणीव नाहीशी होते.

ढगात शिरलेल्या वैमानिकाचे नेमके हेच होते. क्षितिज दिसत नाही, विमान एका बाजूला कलून वळत असते आणि त्याला मात्र आपण सरळ चाललो आहोत असे वाटते. सुरुवातीच्या काळात अनेक कुशल वैमानिक यामुळे प्राणाला मुकले.

यावरचा उपाय २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी दाखवून दिला. त्यांच्या आसनावर झाकण घातले होते, बाहेरचे काहीच दिसत नव्हते. कृत्रिम क्षितिज, जायरोस्कोपवर चालणारा दिशादर्शक, अचूक उंचीमापक आणि रेडिओ यांच्या भरवशावर त्यांनी विमान चढवले, फिरवून आणले आणि उतरवले. शरीर काय सांगते याकडे दुर्लक्ष करून काटे काय सांगतात ते मानायचे, हा या उड्डाणाचा धडा होता. पण शरीरावर अविश्वास दाखवणे हे पुस्तक वाचून येत नाही, त्यासाठी सराव हवा. तो जिवावर बेतू न देता कसा करायचा?

ऑर्गनच्या भात्यावर उडणारे विमान

याचे उत्तर एका वाद्यांच्या कारखान्यातून आले. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटन येथे एडविन लिंक यांच्या घरचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. लिंक यांना उडण्याची हौस होती, पण शिकणे फार महाग पडे. ऑर्गनमध्ये हवेच्या दाबाने भाते फुगतात आणि झडपा उघडतात हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. याच भात्यांवर त्यांनी एक छोटेसे लाकडी विमान बसवले. दांडा हलवला की ते कले, वळे, नाक वर-खाली करी. १९२९ पर्यंत हे यंत्र तयार झाले. परंतु उड्डाण-शाळांनी त्यात फारसा रस दाखवला नाही. सुरुवातीला ते विकले गेले ते करमणुकीच्या बागांना, म्हणजे चक्र-पाळण्यांच्या शेजारी!

१९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने खासगी कंपन्यांकडून टपाल-वाहतूक काढून घेतली आणि ती लष्करी वैमानिकांवर सोपवली. हिवाळा, रात्रीची उड्डाणे, धुके आणि केवळ उपकरणांवर उडण्याचा अपुरा सराव यांमुळे काही आठवड्यांतच दहाहून अधिक वैमानिक मृत्यू पावले. तेव्हा लष्कराला लिंक यांच्या यंत्राची आठवण झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये प्रत्येकी ३५०० डॉलरला सहा यंत्रे खरेदी करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच लाख हवाई सैनिकांनी या यंत्रावर धडे घेतले.

या यंत्राला खिडकीबाहेरचा देखावा जवळजवळ नव्हताच. झाकण लावले की विद्यार्थ्यासमोर फक्त काटे आणि कानात रेडिओचा आवाज. शेजारच्या टेबलावर मात्र नकाशा पसरलेला असे आणि त्यावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र शाईने विद्यार्थ्याचा मार्ग रेखाटत सरके. त्याच्या चालीवरून त्याला ‘खेकडा’ म्हणत. तास संपला की विद्यार्थी झाकणाबाहेर येऊन पाही : आपल्याला वाटले कुठे गेलो आणि प्रत्यक्षात गेलो कुठे. अध्यापनाच्या दृष्टीने हा खेकडा म्हणजे या यंत्राचा प्राणच म्हटला पाहिजे.

घरच्या टेबलावर

खेळणे म्हणून विकलेले यंत्र शाळा झाले. अर्धशतकाने हीच शाळा पुन्हा खेळणे होऊन घरात आली. इलिनॉय विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविक यांनी १९७५ च्या आपल्या प्रबंधात संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचे हलते चित्र कसे काढता येईल ते मांडले होते. १९७९ च्या सुमारास त्यांनी ते ‘अॅपल २’ या घरगुती संगणकावर आणले. चित्र म्हणजे काही सरळ रेषा! १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने आर्टविक यांचीच पुढची आवृत्ती बाजारात आणली. देखावा अजून ओबडधोबडच होता, पण उपकरणे आता कामाची होती. विशेषतः व्हीओआर या रेडिओ केंद्रांवरून मार्ग काढता येत होता.

व्हीओआर समजण्यासाठी एका कल्पित दीपस्तंभाचा विचार करू. त्याचा झोत एकसारख्या वेगाने गोल फिरतो आणि तो उत्तरेकडे आला की सर्व दिशांना दिसणारा एक दिवा लुकलुकतो. लुकलुक दिसल्यापासून झोत आपल्यावर येईपर्यंत फेरीच्या चौथ्या भागाएवढा वेळ गेला, तर आपण दीपस्तंभाच्या पूर्वेला आहोत. व्हीओआरची ‘फेरी’ सेकंदाला ३० वेळा होते आणि विमानातील उपकरण दोन संकेतांच्या कलांतील फरकावरून दिशा काढते. घरी बसलेल्या मुलाने रेडिओची वारंवारता जुळवावी, काटा मध्यावर आणावा आणि धुक्यातून विमानतळ गाठावा, हे त्या काळी मोठेच नवल होते.

वाऱ्याचा त्रिकोण

उपकरणे आली तरी कुठे जायचे ते आधी ठरवावे लागते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल घेऊन आले, तेव्हा त्यांना रेडिओचे साह्य नव्हते. त्यांच्यासारखे छोटे विमान ताशी १६० किलोमीटरने दक्षिणेकडे चालले आहे आणि पश्चिमेकडून ताशी ३२ किलोमीटरचा वारा आहे, असे समजू. दुर्लक्ष केले तर तासाभरात विमान ३२ किलोमीटर पूर्वेला सरकेल. मार्गावर राहायचे तर नाक पश्चिमेकडे वळवायला हवे. किती? ज्या कोनाची साइन ३२ भागिले १६०, म्हणजे ०.२ आहे तेवढे, म्हणजे सुमारे साडेअकरा अंश. जमिनीवरचा वेग मग १५७ किलोमीटरच राहतो. दहावीतली त्रिकोणमिती आणि अकरावीतले सदिश इथे एकत्र येतात.

आकडा चुकला तर

आज जीपीएस आणि विमानातील संगणक हे सारे क्षणात करतात. मग कागदावर आखणी कशाला?

२८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे डीसी-१० विमान ऑकलंडहून प्रवाशांना अंटार्क्टिका दाखवायला निघाले. मॅकमर्डोजवळच्या शेवटच्या बिंदूचे रेखांश कंपनीच्या संगणकात १६६ ऐवजी १६४ अंश टंकले गेले होते. त्यामुळे आखलेला मार्ग मोकळ्या समुद्रावरून जात होता आणि वैमानिकांना समजावून सांगितलेलाही तोच होता. उड्डाणाच्या काही तास आधी ही चूक सुधारण्यात आली, पण वैमानिकांना कोणी कळवले नाही. फरक २ अंश १० मिनिटांचा. विषुववृत्तावर एक रेखांश १११ किलोमीटरचा, पण ७८ अंश अक्षांशावर त्याला कोसाइनने गुणावे लागते, म्हणजे साधारण २३ किलोमीटर. एकूण फरक सुमारे ५० किलोमीटर. नवा मार्ग थेट ३७९४ मीटर उंचीच्या एरेबस ज्वालामुखीवरून जात होता. ढगाखालच्या पांढऱ्या उजेडात बर्फाचा उतार आणि आकाश वेगळे ओळखू येईना. विमान उतारावर आदळले आणि २५७ जण मृत्युमुखी पडले. पहिल्या अहवालाने वैमानिकांना दोष दिला. १९८१ मध्ये न्यायमूर्ती पीटर महॉन यांच्या आयोगाने मात्र, न कळवता बदललेला मार्ग हेच मुख्य कारण ठरवले.

या विमानात उपकरणे बिघडली नव्हती. सांगितलेल्या जागी ती विमानाला इमानाने नेत होती. उपकरण शरीराची चूक दाखवते. पण उपकरणाला दिलेला आकडा चुकीचा आहे किंवा बदलला आहे, हे दाखवायला दुसरा कागद आणि तो ताडून पाहणारा माणूस लागतो. म्हणूनच घरच्या सिम्युलेटरवर खऱ्यासारखी उपकरणे वापरणारे हौशी लोक उड्डाणाआधी मार्ग, वारा आणि इंधन स्वतः मांडतात, हे आम्हाला मोलाचे वाटते.

शाळेत संगणक असेल तर ‘फ्लाइटगिअर’ हा सिम्युलेटर विनामूल्य मिळतो. विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत. एकाने नकाशा, कोनमापक आणि पट्टी घेऊन दिशा व वेळ काढावी. दुसऱ्याने पडद्याकडे पाठ करून नव्हे, पण देखाव्यावर कागद चिकटवून, फक्त काट्यांवर उडावे. शेवटी दोन्ही मार्ग एकाच नकाशावर काढावेत. जिथे ते वेगळे होतात, तिथे त्या दिवशीचा धडा सुरू होतो. लिंक यांचा खेकडा तरी दुसरे काय करत होता?