ओल्नीची सोबत
इंग्रज कवी विल्यम कूपरला नैराश्याने गाठले ते विशीत, लंडनमध्ये कायदा शिकताना. १७६३ मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला सेंट ऑल्बन्सला डॉ. नॅथॅनियल कॉटन यांच्या शुश्रूषागृहात ठेवले गेले. तिथेच १७६४ मध्ये, बायबल वाचताना, त्याला क्षमेचा आधार सापडला. ही आशा खरी होती, पण ती एकट्या ग्रंथातून आली नाही, असे मला ठामपणे वाटते. कॉटन श्रद्धाळू आणि मायाळू वैद्य होते. पुढे अनविन कुटुंबाने त्याला घर दिले. ओल्नीत धर्मगुरू जॉन न्यूटनने त्याला प्रार्थनासभांत आणि गोरगरिबांच्या भेटीगाठींत सोबत घेतले, गीते लिहायला लावली. १७७९ चा ओल्नीचा गीतसंग्रह त्यातूनच आला.

धर्मानेच त्याचे मन बिघडवले, हा आक्षेप जुना आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. देवाने आपल्याला कायमचे टाकले, असे १७७३ मध्ये त्याच्या मनाने घेतले. त्यानंतर तो चर्चमध्ये गेलाच नाही. पण आजार या श्रद्धेच्या कितीतरी आधीचा होता; श्रद्धेने त्याच्या भीतीला शब्द पुरवले, भीती नव्हे. त्याच १७७३ मध्ये न्यूटनने त्याला स्वतःच्या घरी आणून वर्षभर सांभाळले. मेरी अनविन तर १७९६ मध्ये मरेपर्यंत त्याच्याजवळ राहिली.