श्वान-उन्मादाचे मूळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका आणि ब्रिटनमधील पाळीव कुत्र्यांत एक चमत्कारिक विकार आढळू लागला. धडधाकट कुत्रे एकाएकी बिथरून सैरावैरा धावे, थरथर कापत तोल जाऊन कोसळे आणि कित्येकदा त्याला फेफऱ्यासारखे झटके येत. ‘श्वान-उन्माद’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या विकाराचे खापर कधी जंतांवर, कधी संसर्गावर, तर कधी जीवनसत्त्वांच्या अभावावर फोडले गेले.

आहारातील न्यूनतेमुळे मुडदूस होतो हे कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवणारे ब्रिटिश संशोधक सर एडवर्ड मेलन्बी यांनी १९४६ मध्ये या उन्मादाचे मूळ पिठात असल्याचे सिद्ध केले. पीठ झटपट पांढरे व्हावे आणि पाव चांगला फुगावा, म्हणून गिरण्यांत त्यावर ‘एजीन’ या वायूची, म्हणजेच नायट्रोजन ट्रायक्लोराइडची, प्रक्रिया होत असे. असे पीठ खाणाऱ्या कुत्र्यांना उन्माद होई, तर प्रक्रिया न केलेले पीठ खाणारी कुत्री ठणठणीत राहत. गव्हाच्या प्रथिनातील मेथिओनीन या अमिनो आम्लाशी वायूचा संयोग होऊन मेथिओनीन सल्फॉक्सिमीन हे विष तयार होते, हे पुढील काही वर्षांत उलगडले.

माणसांना असा अपाय होत असल्याचे सिद्ध झाले नाही. तरीही अमेरिकेत १९४९ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्यास एजीनचा वापर थांबला. पांढरेपणासाठी अन्नावर केलेल्या प्रक्रियेची परीक्षा ती रूढ होण्यापूर्वीच व्हायला हवी होती, हाच या प्रकरणाचा निष्कर्ष होय.