गच्चीवरची पेटी

साकीनाक्याच्या औद्योगिक वसाहतीत नवा गाळा घेतला, की रंगकामाच्याही आधी एक प्रश्न पुढे येतो : एसी किती टनाचा बसवायचा? मालक चौरस फूट सांगतो. एसीवाला छताकडे बघतो, मनातल्या मनात भागाकार करतो आणि आकडा देतो. साडेपाच, साडेआठ किंवा अकरा. हा टन यंत्राच्या वजनाचा नाही, एवढं दोघांनाही ठाऊक असतं. मग तो कशाचा?

तो बर्फाचा आहे. आणि त्याचा माग काढत गेलं तर वाट थेट मुंबईच्या बंदरात जाते.

बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने विकायचा. १८३३ साली त्याचं 'टस्कनी' हे जहाज कलकत्त्याला लागलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकन बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी त्या वर्षी मेजवानीत आइस्क्रीम दिल्याची आठवण मुंबईच्या इतिहासात अजून सांगितली जाते. पुढे कोटात बर्फासाठी वेगळं बर्फघर उभं राहिलं. चार महिने समुद्रावर वितळत आलेला बर्फ तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवायला मिळतो, ही त्या काळच्या मुंबईला किती मोठी गोष्ट वाटली असेल!

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्फ करणारी यंत्रं आली. गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा होता : तुमचं यंत्र दिवसाला किती बर्फाचं काम करतं? त्या प्रश्नातून हे माप ठरलं. अमेरिकन टन म्हणजे २००० पौंड, सुमारे ९०७ किलो. एवढा बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता काढणारं यंत्र एक टनाचं. ताशी १२,००० बीटीयू, किंवा साडेतीन किलोवॉट. बर्फाची जहाजं कधीच बंद झाली, बर्फघर पाडलं गेलं, पण त्यांचं माप साकीनाक्याच्या गाळ्यात रोज बोललं जातं.

पुढचा टप्पा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यातला आहे. तिथे रंगीत छपाईत एक रंग दुसऱ्यावर नेमका बसत नव्हता, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि कोरड्या हवेत आकसायचा. पावसाळ्यात कागद काय करतो हे अंधेरीच्या कोणत्याही ऑफसेटवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने १९०२च्या जुलैमध्ये त्यावर उपाय आखला : हवा गार नळ्यांवरून न्यायची, तिच्यातलं पाणी तिथेच गळू द्यायचं आणि मग ती आत सोडायची. वातानुकूलनाच्या जन्माचं कारण उकाडा नव्हता, दमटपणा होता. मुंबईकराने हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं. पुढचा सगळा मुद्दा यावरच उभा आहे.

मुंबईत गार हवेची ओळख सर्वसामान्यांना सिनेमाने करून दिली. कुलाब्याचं रीगल १९३३ साली सुरू झालं ते वातानुकूलित म्हणूनच. १९३८ साली मेट्रो आलं. आणि १९३४ साली आणखी एक गोष्ट घडली, जी उपनगरांच्या अंगणातून गेली. मुंबई ते पेशावर धावणाऱ्या फ्रंटियर मेलला त्या वर्षी वातानुकूलित डबा लागला. त्यात कॉम्प्रेसर नव्हता. डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या ठेवायच्या, त्यांच्यावरून पंख्याने हवा आत ढकलायची आणि वाटेतल्या स्टेशनांवर लाद्या बदलायच्या. अंधेरी, बोरिवलीचे फलाट मागे टाकत ती गाडी उत्तरेला जायची, तेव्हा टन हे माप तिच्या पोटात अक्षरशः वितळत असायचं.

देशी धंदाही इथेच वाढला. मोहन अडवाणी यांनी १९४३ साली मुंबईत ब्लू स्टार काढली, ती सुरुवातीला जुने रेफ्रिजरेटर आणि एअर कंडिशनर दुरुस्त करणारी होती. १९५४ साली टाटा आणि व्होल्कार्ट ब्रदर्स एकत्र येऊन व्होल्टास झाली. यांच्या यंत्रांतून 'पॅकेज युनिट' हा शब्द आपल्या कानावर आला. ते गोदरेजच्या कपाटापेक्षा मोठं, जमिनीवर उभं राहणारं लोखंडी कपाट असे. बँकेच्या, ऑफिसच्या मागच्या खोलीत ते घुमत असायचं. आत कॉम्प्रेसर, गार नळ्या आणि पंखा. त्याची उष्णता पाण्यात जायची आणि ते पाणी पाइपाने गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये चढायचं. गच्चीशी एसीचं नातं असं जुळलं.

उपनगरांत हे नातं घट्ट केलं कारखान्यांनी. अंधेरी पूर्वेला एमआयडीसी आली. १९७३ साली सीप्झ सुरू झालं, तिथे इलेक्ट्रॉनिक्सचा माल आणि पुढे संगणक. त्या काळी गार हवा मिळायची ती यंत्राला. त्याच्याजवळ बसणाऱ्या माणसाला ती आयती लाभायची. संगणकाच्या खोलीत काम आहे असं सांगून दुपारी पाच मिनिटं आत उभी राहणारी माणसं त्या पिढीतल्या कुणालाही आठवतील. मग १९९१ साली अंधेरीच्या एस. व्ही. रोडवर शॉपर्स स्टॉपचं पहिलं दुकान उघडलं. आता गार हवा गिऱ्हाइकासाठी होती. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत दवाखाने, क्लास, जिम, ब्यूटी पार्लर, पॅथॉलॉजी लॅब, सगळे आपापला टन विचारू लागले.

याच गरजेला अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धानंतर एक उत्तर शोधलं होतं. तिकडच्या उपनगरांत सपाट छताची, एकमजली, ऐसपैस दुकानं उभी राहत होती. त्यांच्या छतावर क्रेनने एकच पेटी ठेवायची. तिच्यात कॉम्प्रेसर, दोन्ही बाजूंच्या नळ्या, पंखा, हिवाळ्यासाठी गॅसची भट्टी आणि बाहेरची ताजी हवा आत घ्यायला एक झडप. खाली छताला भोक पाडून डक्ट सोडला की झालं. दुकानातली जागा मोकळी, दुरुस्ती छतावरच्या छतावर.

ही पेटी आपल्याकडे फारशी रुजली नाही. भट्टीचा तर प्रश्नच नव्हता. सांताक्रूझ वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा, तोही २२ जानेवारी १९६२चा. पण खरं कारण इमारतीचं आहे. आपले गाळे एकावर एक रचलेले. तळमजल्यावरच्या दुकानासाठी गच्चीवरून डक्ट खाली आणायचा तर मधल्या प्रत्येक मजल्यावर एका कपाटाएवढी जागा जाते, आणि घाटकोपर-मुलुंडमध्ये एवढी जागा फुकट कोण देणार? तांब्याच्या दोन नळ्यांना मात्र वीतभर भोक पुरतं. म्हणून पेटी दुभागली गेली. गरम अर्धा गच्चीवर, गार अर्धा फॉल्स सीलिंगमध्ये, आणि मध्ये नळ्या. यालाच बाजारात डक्टेबल म्हणतात. जपानच्या डायकिनने १९८२ साली एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणारी पद्धत आणली, तीही आता ऑफिसांमध्ये सर्रास दिसते. पाण्याच्या टंचाईने कूलिंग टॉवर मागे पडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तळघरं भरली. यंत्र वर असावं, हे त्यानंतर कुणाला पटवावं लागलं नाही.

पण या वाटणीत एक वस्तू हरवली : ताज्या हवेची झडप. दुभागलेल्या यंत्राचा आतला भाग खोलीतलीच हवा फिरवत राहतो. वेगळी सोय केली नाही, तर दार उघडेल तेवढीच बाहेरची हवा आत येते.

मूळची अखंड पेटी उपनगरांत आली ती वेगळ्याच छतावर बसून. रेल्वेच्या जुन्या एसी डब्यांत कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर डब्याखाली लटकवलेले असत, गार नळ्या छतात आणि मध्ये लांबलचक पाइप. ते हलून हलून गॅस गळायचा. १९९०च्या दशकापासून सगळं एका सीलबंद पेटीत घालून छतावर बसवायला सुरुवात झाली. रेल्वेचे कर्मचारी तिला आरएमपीयू म्हणतात. लांब पल्ल्याच्या एलएचबी डब्यावर अशा दोन असतात, प्रत्येकी सात टनांची. इमारतीत पेटी फुटून दोन झाली, तर रेल्वेत दोन तुकडे जुळून पेटी झाली. दोन्हीकडे निर्णय जागेनेच केला.

लोकलच्या छताचा इतिहास ताज्या हवेपासूनच सुरू होतो. २००७पासून आलेल्या सीमेन्सच्या गाड्यांना एसी नव्हता, पण छतावर बाहेरची हवा आत ढकलणारी यंत्रणा होती. गर्दीच्या डब्यात माणसांच्या श्वासाने हवा कशी जड होते, हे त्यात उभं राहिलेल्या प्रत्येकाला कळतं. ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो एसी डबे घेऊन सुरू झाली. आणि २५ डिसेंबर २०१७ला देशातली पहिली एसी लोकल बोरिवलीहून चर्चगेटला निघाली. ती खरं तर मध्य रेल्वेवर धावायची होती. पण गाडीची उंची जास्त भरली, तिकडचे ब्रिटिशकालीन पूल ठेंगणे, म्हणून ती पश्चिमेकडे आली. मुलुंड-घाटकोपरकरांना मुख्य मार्गावर एसी लोकलसाठी डिसेंबर २०२०पर्यंत थांबावं लागलं. छतावर काय मावतं, हा प्रश्न गाडीलाही चुकला नाही.

आता पुन्हा गाळ्यात येऊ. बोरिवलीतला एखादा क्लास घ्या, साठ मुलं. बसलेला माणूस साधारण शंभर ते सव्वाशे वॉट उष्णता टाकतो, म्हणजे तीसेक मुलांचा एक टन, साठांचे दोन. हा आकडा एसीवाला सहसा धरतो. पण वर्गात माणशी सेकंदाला साधारण सात लिटर ताजी हवा यावी, असं अमेरिकन मानक सांगतं. साठ जणांची चारशे लिटर झाली. जुलैतली ती दमट हवा गार आणि कोरडी करायची तर तिलाच पाच टनांच्या आसपास लागतात. मुलांना दोन, त्यांच्या श्वासाला पाच! दर कमी दाखवायचा असेल तर सर्वांत आधी काय गाळलं जातं, ते इथे दिसतं. तासाभरात मुलं जांभया देऊ लागतात, आणि दोष गणिताच्या धड्याला जातो.

दमटपणाचा हिशेब नळीच्या टोकाशी बघता येतो. पावसाळ्यात इनडोअरच्या ड्रेन पाइपखाली बादली लावा. ताशी साधारण पाच लिटर पाणी साचलं, तर एक पूर्ण टन फक्त हवेतलं पाणी पिळण्यात गेला. त्यामुळे 'असू द्या थोडा जास्त' म्हणून मोठं यंत्र घेणं इथे अंगाशी येतं. खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो, नळ्यांवरचं पाणी पुन्हा हवेत जातं. हवा थंड पण ओलसर, कपाटातल्या फायलींना बुरशी. अकराऐवजी साडेआठचं यंत्र जास्त वेळ चालून जास्त कोरडं करतं. किंवा दोन कॉम्प्रेसरचं, नाहीतर इन्व्हर्टरचं घ्यावं, म्हणजे कमी भारातही नळ्या गार राहतात.

आणि गच्ची. वर्सोव्याच्या बाजूला खाऱ्या वाऱ्यात चारपाच वर्षं उभं राहिलेलं आउटडोअर जवळून पाहा. नळ्यांवरचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे चिमटीत धरले तर पांढरा भुगा होऊन बोटांना लागतात. गंजरोधक लेप दिलेली कॉइल मागायची असते ती यासाठी, आणि ती ऑर्डर देतानाच मागावी लागते. आउटडोअर एकमेकांकडे तोंड करून किंवा कठड्याला खेटून ठेवली की एकाने टाकलेली गरम हवा दुसरं ओढतं, आणि एप्रिलच्या दुपारी दोन्ही ट्रिप होतात. स्टँडचे बोल्ट ब्रिकबॅट कोब्यात ठोकले तर त्या पावसाळ्यात वरच्या मजल्याचं छत गळतं, आणि मग सोसायटीच्या सभेत गार हवेचा विषय गरम होतो. कोब्याला हात न लावता काँक्रीटचे ठोकळे, त्यावर रबर आणि वर स्टँड, एवढंच करायचं असतं. गच्ची सोसायटीची असते, तेव्हा परवानगी लेखी घ्या, यंत्र आणायच्या आधी.

क्लास, दवाखाना किंवा गाळा चालवणाऱ्या माझ्या वाचकांना म्हणूनच एक विनंती आहे. एसीवाला टन सांगेल तेव्हा त्याच्याकडे हीट लोडचा कागद मागा. त्यावर माणसं किती धरली आहेत ते बघा, आणि त्याच्याखाली ताज्या हवेची ओळ शोधा. ती ओळ कोरी असेल, तर कोटेशन परत पाठवा.