‘आजवरचा सगळ्यात वाईट एपिसोड’ म्हणणाऱ्या चाहत्यांचं ऐकलं नेमकं कधी जातं?

९ फेब्रुवारी १९९७. अमेरिकेत ‘द सिम्पसन्स’चा १६७ वा एपिसोड लागला. याच एपिसोडने ‘द फ्लिन्टस्टोन्स’चा १६६ एपिसोडचा विक्रम मोडला आणि प्राइम टाइमला सर्वाधिक चाललेली कार्टून मालिका म्हणून सिम्पसन्सचं नाव लागलं. आता एवढा मोठा विक्रम म्हटल्यावर एखाद्या मालिकेने केक कापला असता, जुन्या आठवणी काढल्या असत्या. सिम्पसन्सच्या लेखकांनी काय केलं, तर स्वतःच्या चाहत्यांनाच चिमटा काढला.

एपिसोडची गोष्ट अशी. एका कार्टूनचा टीआरपी घसरतोय, म्हणून चॅनलवाले लहान पोरांना एका खोलीत बसवून विचारतात, तुम्हाला काय बघायला आवडेल? पोरं सांगतात, गोष्ट एकदम खऱ्या आयुष्यासारखी पाहिजे. आणि तीच पोरं पुढच्या मिनिटाला म्हणतात की त्यात जादू करणारे रोबोटही पाहिजेत. मग चॅनलवाले सगळ्यांना खूश करायला पूची नावाचा एक ‘कूल’ कुत्रा घुसवतात आणि तो कोणालाच आवडत नाही. याच एपिसोडमध्ये कॉमिकचं दुकान चालवणारा जाडा माणूस जाहीर करतो की हा आजवरचा सगळ्यात वाईट एपिसोड होता. वर त्याचं म्हणणं असं की मी इतकी वर्षं इमानदारीत बघतोय, म्हणजे हे लोक माझं देणं लागतात. त्यावर छोटा बार्ट त्याला विचारतो, त्यांनी तुला इतके तास फुकट हसवलं, मग खरं तर तूच त्यांचं देणं लागतोस ना?

हे पात्र हवेतून आलेलं नव्हतं. तेव्हा इंटरनेटवर न्यूजग्रुप नावाचा प्रकार असायचा, म्हणजे आजच्या रेडिटचा आजोबा. तिथे सिम्पसन्सचे चाहते प्रत्येक एपिसोड चिरफाड करून मार्क द्यायचे आणि मालिकेचे लेखक ते वाचायचे. वाचून काहींना राग यायचा, त्यातून हा एपिसोड निघाला.

आज तो जाडा दुकानदार प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. नवा सीझन आला की दोन तासांत निकाल लागतो, नवा गेम आला की डाउनलोड व्हायच्या आधी शिव्या सुरू होतात. मग प्रश्न पडतो की या मतांचा काही उपयोग होतो का? की नुसताच आरडाओरडा?

तर उपयोग होतो, आणि कधीकधी भलताच होतो. पण तो ओरडण्याच्या आवाजावर ठरत नाही. मालिका असो वा गेम, मालक एक कुठला तरी आकडा बघत बसलेला असतो. चाहत्याचं मत त्या आकड्यात उतरलं तर मालक हलतो, नाही उतरलं तर ते मत कितीही ट्रेंड झालं तरी हवेत जातं.

एक जुनं ठळक उदाहरण ‘फॅमिली गाय’चं. ही कार्टून कॉमेडी १९९९ मध्ये फॉक्स चॅनलवर सुरू झाली आणि तीन सीझननंतर २००२ मध्ये बंद केली गेली. चाहते तेव्हाही चिडले होते, फॉक्सला ढिम्म फरक पडला नाही. फरक पडला तो २००३ मध्ये. त्या वर्षी मालिकेची डीव्हीडी आली आणि ती लाखोंनी विकली गेली. दुसरीकडे ‘अ‍ॅडल्ट स्विम’वर जुने एपिसोड रात्री दाखवले जात होते, तेही तुफान बघितले गेले. आता फॉक्ससमोर विक्रीचा कागद होता. १ मे २००५ ला मालिका परत आली. परतल्या परतल्या पहिल्याच सीनमध्ये मालिकेतला बाप, पीटर, मधल्या काळात फॉक्सने आणून बंद केलेल्या मालिकांची लांबलचक यादी एका दमात वाचून दाखवतो. सूड घ्यावा तर असा.

पण डीव्हीडी विकत घेणं हे सरळ गणित झालं. खरा मेंदू चालवला तो ‘चक’च्या चाहत्यांनी.

‘चक’ ही एनबीसीवरची हेरगिरीची विनोदी मालिका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोराच्या डोक्यात सरकारी गुपितांचा अख्खा डेटा जातो, अशी तिची गोष्ट. २००९ मध्ये दुसरा सीझन संपत आला तेव्हा ती बंद पडणार अशी चिन्हं होती. तेव्हा अमेरिकेत टीव्हीचा टीआरपी मोजला जायचा तो निवडक घरांमधून. तुमच्या घरात मोजणी होत नसेल तर तुम्ही मालिका दहा वेळा बघितली तरी हिशोबात शून्य. चाहत्यांच्या हे लक्षात आलं. मग त्यांनी विचार केला की चॅनलला पैसे कोण देतं? जाहिरातदार. आणि ‘चक’मध्ये दिसणारा जाहिरातदार होता सबवे, सँडविचवाला.

ठरलं. २७ एप्रिल २००९ ला, सीझनच्या शेवटच्या एपिसोडच्या दिवशी, चाहत्यांनी सबवेमध्ये जाऊन फूटलाँग सँडविच घ्यायचं आणि सूचनापेटीत चिठ्ठी टाकायची की हे ‘चक’साठी घेतलंय. मालिकेचा हिरो झॅकरी लीवाय तेव्हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला एका कार्यक्रमाला गेला होता, तो तिथल्या चाहत्यांची वरात घेऊन सबवेमध्ये घुसला. पुढच्याच महिन्यात एनबीसीने तिसरा सीझन जाहीर केला, सबवेसोबतच्या करारासह. मालिका पुढे २०१२ पर्यंत चालली.

याच्या अगदी उलट वाटणारी गोष्ट ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ची. १० मे २०१८ ला फॉक्सने ही पोलिस ठाण्यातली कॉमेडी पाच सीझननंतर बंद केली. ट्विटरवर हाहाकार उडाला. ‘स्टार वॉर्स’वाला मार्क हॅमिल, दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो, ‘हॅमिल्टन’वाला लिन-मॅन्युएल मिरांडा असे मोठे लोक सामान्य चाहत्यांसारखे रडू लागले. आणि दुसऱ्या दिवशी, ११ मे ला, एनबीसीने मालिका उचलली. ट्विटर जिंकलं, अशा हेडलाइन सगळीकडे झळकल्या.

पण या गोष्टीचा एक भाग हेडलाइनमध्ये मागे राहतो. ही मालिका बनवणारी कंपनी युनिव्हर्सल टेलिव्हिजन. ती कोणाची? एनबीसीच्याच घरातली. म्हणजे माल घरचा होता, विकला होता शेजाऱ्याला. तो शेजाऱ्याने नाकारल्यावर घरी आणणं एनबीसीला सोपं आणि फायद्याचं होतं. ट्वीट्सनी घाई करायला लावली, एवढं नक्की. पण दार आतून उघडं होतं.

मराठीत हे गणित आणखी अवघड होतं. २०१५ मध्ये झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आली. मुंबईतला एक फ्लॅट, त्यातलं माजघर आणि कैवल्य, आशू, सुजय, रेश्मा, अ‍ॅना, मीनल ही सहाजणं. सासू-सुनेला कंटाळलेल्या कॉलेजच्या पोरांना पहिल्यांदा वाटलं की ही आपली मालिका आहे. फेसबुकवर डायलॉग फिरायचे, ग्रुपमधल्या कोणाला तरी ‘आशू’ हे नाव पडायचं. २०१६ मध्ये मालिका संपली. २०१७ मध्ये तीच सहाजणं ‘दिल दोस्ती दोबारा’ घेऊन परत आली, पण पात्रं नवी, गोष्ट नवी, फ्लॅटच्या जागी हॉटेल. तीही त्याच वर्षी संपली.

आपल्याकडे टीआरपी मोजतं बार्क. देशभरातल्या निवडक घरांमध्ये टीव्हीला यंत्र लावलेलं असतं आणि त्या घरांवरून सगळ्या देशाचा अंदाज बांधला जातो. हॉस्टेलवर लॅपटॉपला चार डोकी चिकटवून बघणारी पोरं या यंत्रासमोर बसलेलीच नसतात. मराठीत ज्या कॉमेडीचे मीम सगळ्यात जास्त फिरतात तिचा टीआरपीही जास्त असेलच, असं नाही. इथे सँडविच घेऊन काम होत नाही.

गेमच्या बाबतीत मात्र सगळं वेगळं आहे. गेम विकत घ्यावा लागतो, त्यामुळे चिडलेला चाहता हा चिडलेला गिऱ्हाईकही असतो. आणि गेम इंटरनेटवरून बदलता येतो. टीव्हीचा एपिसोड एकदा लागला की लागला.

हे पहिल्यांदा सगळ्यांना कळलं ते ‘मास इफेक्ट ३’ मुळे. २००७ पासूनची ही तीन गेमची अंतराळकथा. पहिल्या गेममध्ये तुम्ही घेतलेला निर्णय तिसऱ्या गेमपर्यंत सोबत येतो, असा तिचा दावा. लोकांनी पाच वर्षं जीव लावला. मार्च २०१२ मध्ये शेवट बघितला तर तीन पर्याय आणि तिघांतला ठळक फरक म्हणजे स्फोटाचा रंग: लाल, निळा, हिरवा. एका माणसाने थेट अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे फसवणुकीची तक्रार केली. इतर चाहत्यांनी शिव्यांपेक्षा भारी युक्ती काढली. लहान मुलांच्या इस्पितळांना खेळणी पुरवणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेसाठी त्यांनी ८० हजार डॉलरच्या आसपास रक्कम गोळा केली, म्हणजे आपण नुसते रडके नाही हे दिसावं. आणि बायोवेअर कंपनीच्या ऑफिसला त्यांनी चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. वरचं क्रीम तीन रंगांचं, आतली चव सगळ्यांची एकच.

जूनच्या शेवटी कंपनीने वाढवलेला शेवट फुकट दिला. मूळ शेवट बदलला नाही, पण पुढे कोणाचं काय झालं ते दाखवलं. लेखकाने लिहिलेली गोष्ट गिऱ्हाइकाच्या मागणीवर बदलावी का, हा वाद तेव्हा सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. कादंबरीचा शेवट आवडला नाही म्हणून कोणी लेखकाला नवं प्रकरण मागत नाही. पण कादंबरी विकताना ‘शेवट तुमच्या निर्णयांवर ठरेल’ असं सांगितलेलंही नसतं.

गोष्टीऐवजी पैशांचा मामला असेल तर वाद इतका नाजूक राहत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ येणार होता. ज्याने ८० डॉलर मोजले त्यालाही डार्थ व्हेडर लॉक केलेला. तो उघडायला सुमारे ४० तास खेळावं लागेल, असा हिशोब खेळाडूंनी मांडला. ईए कंपनीने रेडिटवर खुलासा केला की मेहनतीने मिळवल्यावर अभिमान वाटावा म्हणून तसं ठेवलंय. त्या एका उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त नापसंती पडल्या आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. कंपनीने आधी किंमत ७५ टक्क्यांनी कमी केली, मग गेम येण्याच्या आदल्या दिवशी आतली पैशांची खरेदीच बंद केली. मामला एवढ्यावर थांबला नाही. अशा नशिबाच्या पेट्यांना जुगार म्हणायचं का, याची चौकशी युरोपात सुरू झाली आणि एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमने ‘फिफा १८’सह काही गेममधल्या पेट्या बेकायदेशीर ठरवल्या.

२०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या वेळी तर तीनच दिवस लागले. ३ मे ला सोनीने सांगितलं की कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनाही प्लेस्टेशनचं खातं उघडावं लागेल. अनेक देशांत ते खातं अधिकृतपणे उघडताच येत नाही, म्हणजे तिथल्या लोकांनी विकत घेतलेला गेम वाया. स्टीमवर दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले. ६ मे ला निर्णय मागे.

इथे स्टीमची रचना महत्त्वाची आहे. स्टीमवर ज्याच्या खात्यात गेम आहे तोच रिव्ह्यू लिहू शकतो आणि तो किती तास खेळला हेही शेजारी दिसतं. त्यामुळे मताला वजन येतं. हे वजन नसेल तर काय होतं, ते जून २०२० मध्ये दिसलं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ पूर्ण खेळायला साधारण २५ तास लागतात. पण बाजारात आल्यावर काही तासांतच मेटाक्रिटिक या साइटवर त्याला हजारो शून्य मार्क पडले आणि लोकांचा स्कोअर दहापैकी चारच्याही खाली गेला. यातल्या बहुतेकांनी गेम संपवणं घड्याळाच्या हिशोबाने शक्यच नव्हतं. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला की गेम आल्यावर ३६ तास कोणालाच रिव्ह्यू लिहिता येणार नाही. तोवर त्या गेममधल्या अ‍ॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या येऊन गेल्या होत्या. गोष्ट तिने लिहिलेली नव्हती, तिने फक्त अभिनय केला होता. त्या धमक्यांनी गेममधला एकही सीन बदलला नाही.

आता एक केस अशी, जिथे चाहते जिंकले आणि त्यांचं ऐकणारा बुडाला. ‘कम्युनिटी’ नावाची एनबीसीची कॉमेडी. टीआरपी कायम रडका, चाहते कायम कडवे. मालिकेतल्याच एका पात्राच्या तोंडचं ‘सहा सीझन आणि एक चित्रपट’ हे वाक्य त्यांनी घोषणा करून टाकलं. २०१४ मध्ये पाच सीझननंतर एनबीसीने मालिका बंद केली, तेव्हा याहूने आपल्या याहू स्क्रीनवर सहावा सीझन आणला. गाजावाजा झाला, पैसे आले नाहीत. २०१५ मध्ये याहूने आपल्या मालिकांपोटी ४.२ कोटी डॉलरचं नुकसान दाखवलं, त्यात ‘कम्युनिटी’ही होती. जानेवारी २०१६ मध्ये याहू स्क्रीन बंद झालं. चित्रपटाची घोषणा त्यानंतर सहा वर्षांहून जास्त काळाने, सप्टेंबर २०२२ मध्ये, पीकॉकने केली.

याच मालिकेच्या चाहत्यांनी मधल्या काळात आणखी एक उद्योग केला होता. मे २०१२ च्या एका एपिसोडमध्ये सगळी पात्रं जुन्या आठ-बिट गेममध्ये शिरतात आणि वडिलोपार्जित संपत्तीसाठी खेळतात. एपिसोड लागल्यावर लोकांना तो गेम खेळायचा होता, पण तसा गेम कुठेच नव्हता. मग रेडिटवर जमलेल्या चाहत्यांनी तो स्वतःच बनवला. नाव तेच ठेवलं, ‘जर्नी टू द सेंटर ऑफ हॉकथॉर्न’. कोड सगळ्यांसाठी खुला, डाउनलोड फुकट.